तक्रार क्रमांक सात

१२ फेब्रुवारी २०१९, मंगळवार

एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नोंदी केल्या. आवक, जावक, हजेरी, दाखले. निवृत्त झाल्यापासून हाताला काही कामच नव्हतं. आज ही वही उघडली, कारण आज मी चिटणीस झाले.

पोलीस-नागरिक मंचाची सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. मी जाणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात ताता फेझिलेंच्या दुकानात भरदिवसा तिघं घुसले, म्हाताऱ्याला फ्रीजला बांधलं आणि दुकान धुऊन नेलं. ठाणं तिथून चालत बारा मिनिटांवर. गाडी आली पाच तासांनी. आल्यावर पोलीस त्यांना म्हणाला, "ताता, गेलेल्या मालाच्या पावत्या आहेत का?"

ते ऐकल्यापासून माझं डोकं ठणकत होतं. सभेत उभी राहिले आणि ठाणेप्रमुख कर्नल मापुमांना म्हटलं, "तुमचा फोन मी मोजलाय. एक्केचाळीस वेळा वाजला. शाळेत माझा फोन चौथ्यांदा वाजला तर मुख्याध्यापक डोळे वटारायचे."

सगळा हॉल हसला. कर्नलही हसले. "मिसेस सोबेक्वा..." असं त्यांनी सुरू केलं तर मागून कुणीतरी ओरडलं, "मामभेले म्हणा! भेले कुळाची लेक आहे ती!"

"मामभेले," कर्नल म्हणाले, "आम्हाला तुमच्यासारखीच माणसं हवीत. टीका करा, पण लेखी करा. लिहिलेलं मला टाळता येत नाही."

रेव्हरंड न्गेसी मंचाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी लगेच माझं नाव सुचवलं. हात वर झाले. घरी येऊन आरशात पाहिलं तर अजून हसतच होते. त्रेसष्टाव्या वर्षी!

१९ फेब्रुवारी

ठाण्यात फोन करून पाहिला. सकाळी दहाला सत्तावीस वेळा वाजला, उचलला नाही. दुपारी दोनला उचलला. विचारलं, वस्तीसाठी गाड्या किती? "दोन. एक नोव्हेंबरपासून गॅरेजमध्ये आहे." आणि दुसरी? "बाहेर आहे." कुठे? "बाहेर."

हे सगळं तारीख-वेळेसह लिहून ठेवलं.

३ मार्च, रविवार

चर्च सुटल्यावर घरोघर फिरले. नमुना मीच तयार केला आहे: अनुक्रमांक, नाव, घर क्रमांक, तक्रार, दिनांक, सही. चौदा तक्रारी मिळाल्या. बोलायला सगळे तयार असतात, नाव म्हटलं की घसा बसतो. मी प्रत्येकाला सांगितलं, निनावी कागदाला मी शाळेत कधी आवक क्रमांक दिला नाही, पोलीस तरी का देतील?

सगळ्यात जास्त वेळ वुयेल्वाने घेतला. समोरच्या गल्लीत बहात्तर नंबरला राहते. अंगणात कढई टाकून ग्विन्या तळते. सकाळी कामावर जाणारी निम्मी वस्ती तिच्याकडचे ते गरम पिठाचे गोळे खाऊनच टॅक्सीत बसते. तिच्या अंगणातून कोपऱ्यावरचं निळ्या फाटकाचं घर सरळ दिसतं. त्या घरात काय विकतात ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

"मला यात घालू नका, मामभेले," ती म्हणाली. "मी तळते, विकते, झोपते."

"तू काय पाहिलंस ते सांग फक्त."

तिने कढईतला गोळा उलटला. "दर शुक्रवारी चारला पोलिसांची गाडी निळ्या फाटकापाशी थांबते. कुणी उतरत नाही. आतून तो लांब केसांचा येतो, खिडकीशी वाकतो, काहीतरी आत देतो. गाडी जाते. झालं."

मी लिहिलं: 'पोलीस वाहन नियमितपणे शुक्रवारी सायंकाळी चार वाजता सदर घरासमोर थांबते.' वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली. "नियमितपणे! माझ्या तोंडात असला शब्द कधी मावेल का?"

"सरकारी कागद आहे. नीट दिसला पाहिजे."

हात एप्रनला पुसून तिने सही केली. एकेक अक्षर काढून. तक्रार क्रमांक सात.

११ मार्च

तक्रारींचे कागद ठाण्यात दाखल केले. टेबलामागे कोण असावं? लुंगीसा! आमच्या शाळेचा. आठवीत असताना बाप गेला, तेव्हा त्याच्या फीमाफीचा अर्ज मीच भरला होता. आता सार्जंट आहे, अंगाने भरलाय. मला पाहताच उठून उभा राहिला. "मिस! बसा ना, मिस." कुणी मिस म्हटलं की अजून बरं वाटतं.

त्याने सगळी पानं शांतपणे वाचली. इतक्या वर्षांत ठाण्यात कुणी काही वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "नावं, घर नंबर सगळं आहे. उत्तम. असं असलं की तपास सोपा जातो." शिक्का मारला. एक प्रत ठाण्यात, एक माझ्याकडे. निघताना म्हणाला, "हे सात नंबरचं... ह्या बाई एकट्या राहतात?"

"एकटीच. नवरा खाणीत गेला तो तिकडेच राहिला."

"काळजी घ्यायला हवी," तो म्हणाला. किती समजूतदार झालाय पोरगा.

२६ मार्च

मासिक सभा. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. कर्नल माझ्या शेजारी उभे राहिले, तक्रारींचा गठ्ठा दोघांनी मिळून धरला. उत्तरं मात्र मिळाली नाहीत. तेरा तक्रारींवर 'चौकशी सुरू आहे'. सातवर कर्नल म्हणाले, "हा विषय नाजूक आहे. आपण तो इतिवृत्ताबाहेर बोलू." मी म्हटलं, इतिवृत्ताबाहेर म्हणजे कुठे? रेव्हरंडनी माझ्या हातावर हात ठेवला. "खोडा ते, मामभेले."

खोडलं. एका सरळ रेघेने, खालचं वाचता येईल असं.

२ एप्रिल

ताता फेझिले आले होते. तक्रार मागे घेतो म्हणाले. "गाडी लवकर आली होती बहुतेक. म्हातारपणी वेळेचं भान राहत नाही." मी म्हटलं, ताता, तुम्ही पाच तास फ्रीजला बांधलेले होतात. ते माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. चहासुद्धा घेतला नाही.

चौऱ्याहत्तर म्हणजे वय झालंच.

५ एप्रिल

आणखी तीन जणांनी मागे घेतल्या. दोघी गुरुवारच्या प्रार्थनेला माझ्या शेजारी बसणाऱ्या. एकीने निरोप पाठवला, "आता सगळं ठीक आहे." म्हणजे काहीतरी हललंय! लुंगीसाने मनावर घेतलेलं दिसतं. नोंदवहीत लिहिलं: चार तक्रारी निकाली.

रात्री केप टाऊनहून अंदिस्वाचा फोन. हॉस्पिटलात दुहेरी ड्यूटी करते पोरगी. सांगितलं तर म्हणाली, "आई, निकाली कशा निघाल्या ते विचारलंस का कुणाला?" तिला सगळ्यात खोट काढायची सवयच आहे. बापावर गेलीय.

१० एप्रिल, बुधवार

वुयेल्वाची खिडकी फुटली. "पोरांनी दगड मारला असेल," मी म्हटलं.

"पोरांनी दगड मारला तर पोरं पळतात," ती म्हणाली. "हे चालत गेले." ग्विन्या बांधून देताना तिने विचारलं, "तो कागद कुणाकुणाकडे आहे, मामभेले?"

"फक्त पोलिसांकडे आणि माझ्याकडे. काळजी करू नकोस."

ती म्हणाली, शनिवारी पहाटेच्या टॅक्सीने बहिणीकडे जाते, डोंगरापलीकडे. महिनाभर.

दुपारी लुंगीसाला फोन केला. त्याचा थेट नंबर दिलाय त्याने, पहिल्याच घंटेला उचलतो. सांगितलं की ती घाबरलीय, शनिवारी निघणार आहे, तोवर तिच्या गल्लीतून एखादी फेरी मारा. "नक्की, मिस. शनिवारी सकाळी ना? बघतो." जिवाला बरं वाटलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

साडेचारच्या सुमाराला आरडाओरडा ऐकला. धावले. वुयेल्वा अंगणात पडली होती. कढई उलटी होती. तेल तिच्या मानेवरून, छातीवरून... ती ओरडत नव्हती. ओरडत होते ते बाकीचे. चौघं आले होते म्हणे, तोंडं न झाकता. वीसेक माणसांनी पाहिलं. मी विचारलं कोण होते, तर वीसही जण खाली बघायला लागले.

ठाण्यात फोन केला. एकोणतीस वेळा वाजला. "गाडी नाही, आई," पलीकडचा पोलीस म्हणाला. मी म्हटलं, माणूस मरतंय. "गाडी आली की पाठवतो." लुंगीसाचा फोन बंद होता.

शेजारच्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. तिच्या डोक्याखाली माझा हात होता. दारातून निघताना कुणीतरी म्हणालं, चारला गाडी होती की कोपऱ्यावर, आत्ताच गेली.

उद्या जाणार होती ती. एकच दिवस. नशीबच म्हणायचं.

१४ एप्रिल, रविवार

दवाखान्यात गेले. पट्ट्यांमधून फक्त तोंड दिसतं. मी अमासी नेली होती, तिला आंबवलेलं दूध आवडतं म्हणून. चमचाभर घेतलं.

"त्यांनी वाचून दाखवलं," ती म्हणाली.

"काय?"

"एकाने खिशातून कागद काढला. मला वाटलं, पालिकेचा माणूस. म्हणाला, तक्रार क्रमांक सात, घर क्रमांक बहात्तर. मग माझं सगळं वाचलं. अडखळत वाचत होता. 'नियमितपणे'ला अडकला, दुसऱ्याने सांगितला शब्द." तिने श्वास घेतला. "मग म्हणाला, ही सही तुझीच ना?"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. माझीच होती."

मी तिचा हात धरायला गेले, पण हातालाही पट्टी होती. कुठे धरावं कळेना. पलंगाचा दांडा धरून बसले.

१६ एप्रिल

माझी प्रत कपाटात आहे. तीनदा पाहिलं. पानं मोजली.

ठाण्यात गेले. लुंगीसाला सरळ विचारलं, "तुमची प्रत कुठे आहे?"

तो खुर्चीतून उठला नाही. "फायलीत असेल, मिस. पण प्रती दोन होत्या ना? एक तुमच्याकडे होती. तुमच्या घरी बायका येतात-जातात. नीट आठवून बघा."

मी तिथेच आठवायला लागले! खरंच आठवायला लागले, की स्वयंपाकघरात कागद कधी उघडा राहिला होता का. रस्त्यावर आल्यावर माझं मलाच कळलं. परत आत न जाता घरी आले.

कर्नल फोनवर म्हणाले, गुन्हा नोंदवला आहे. मोबाइलवर गुन्ह्याचा क्रमांक आला. सोळा आकडी आहे.

२० एप्रिल

वुयेल्वा आज पहाटे गेली.

२७ एप्रिल, शनिवार

पुरलं तिला. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती, त्यामुळे मैदानातून लाउडस्पीकर ऐकू येत होता. ठाण्यातलं कुणी आलं नाही, सगळे तिकडे बंदोबस्ताला. निळ्या फाटकातला लांब केसांचा मात्र आला होता. स्वच्छ शर्ट घालून मागे उभा राहिला. माती टाकायला रांग लागली तेव्हा त्यानेही फावडं हातात घेतलं. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

बहीण डोंगरापलीकडून आली होती. तिने मला विचारलं, "त्या कागदाचं काय ते तुम्हीच का?"

हो म्हटलं.

तिने ताटात मक्याच्या कण्या आणि चवळी वाढली आणि माझ्या हातात दिली. ते ताट मी खाली कसं ठेवलं आठवत नाही.

६ मे

पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रांताच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार पानं. फोनच्या नोंदी, गाडीच्या वेळा, फुटलेली प्रत, सगळं. लुंगीसाचं नाव लिहिलं. माझं नाव, घर क्रमांक, सही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोस्टातला बाबू म्हणाला, निवडणुकीमुळे थोडा उशीर होईल. म्हटलं, मला घाई नाही. खोटं बोलले.

२१ मे, मंगळवार

लुंगीसा घरी आला. गणवेशात, एकटा, दुपारी तीनला. बाहेर गाडी उभी होती, चालू.

दारात टोपी काढली. हातात माझं पत्र होतं. चारही पानं, वर प्रांताचा शिक्का: 'अभिप्रायासाठी संबंधित ठाण्याकडे वर्ग.'

"मिस, आमच्याविषयीची तक्रार आमच्याकडेच येते. पद्धतच आहे तशी. तुम्ही ऑफिसात काम केलंय, तुम्हाला काय सांगायचं."

मी त्याला बसायला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. चहा केला, दोन चमचे साखर घालून. तो भिंतीवरचे फोटो बघत होता.

"ही अंदिस्वा ना? आमच्या पुढे दोन वर्षं होती. केप टाऊनला आहे आता. तिसऱ्या मजल्यावर, भाजलेल्यांच्या वॉर्डात." त्याने फुंकर मारून चहा प्यायला. "संध्याकाळी सातला सुटते आणि टॅक्सी स्टँडपर्यंत चालत जाते. मोठी शहरं वाईट असतात, मिस. तिला सांगा, चालत जाऊ नकोस."

मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं.

"माझी आई तुमचं नाव घेते अजून," तो जाताना म्हणाला. "फीमाफीचा अर्ज. मी विसरलेलो नाही. दुसरं कुणी असतं तर मी स्वतः आलो नसतो." आणि तसं म्हणताना त्याचे डोळे खरंच भरले होते. हे मला कुणाला समजावून सांगता येणार नाही.

कप धुतला नाही. कचऱ्यात टाकला.

२३ मे

पत्र मागे घेतलं. 'गैरसमजातून लिहिले गेले.' व्याकरणाची एकही चूक नाही.

वाटेत ताता फेझिले भेटले. काठी टेकून उभे राहिले. "आता कॅलेंडरकडे बघू नका, मामभेले," ते हळूच म्हणाले. "मान दुखते. त्यापेक्षा बुटांकडे बघायचं." मग आपल्या वाटेने गेले.

१८ जून

वुयेल्वाच्या बहिणीचा फोन. तिने ठाण्यात तो सोळा आकडी क्रमांक दिला. फाइल सापडत नाही म्हणाले. सापडली तर कळवतील. साक्षीदार नाहीत, त्यामुळे तशीही बंदच होती. "तुम्ही काही करू शकाल का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं.

एका गोष्टीचा विचार मी करत नाही. लुंगीसाला केलेल्या त्या बुधवारच्या फोनचा. कपडे धुताना येतो मनात, मग मी नळ मोठा सोडते.

२ जुलै

अंदिस्वा म्हणते, ते चिटणीसपद सोड आणि इकडे ये. सोडायला गेले होते. कर्नलनी राजीनामा वाचला, घडी घालून परत माझ्या हातात दिला. "आता सोडलंत तर लोक काय म्हणतील? काहीतरी झालंय म्हणतील. वर्ष पूर्ण करा, मामभेले."

जुलैची थंडी फार आहे यंदा. गुडघे धरलेत.

३० जुलै, मंगळवार

मंचाची सभा. हॉल भरला होता, कारण प्रांतातून पाहुणे आले होते आणि नंतर जेवण होतं. पाहुण्यांनी सांगितलं, पूर्ण जिल्ह्यात आपल्या ठाण्याविरुद्धच्या तक्रारी सर्वांत जास्त घटल्या. मार्चमध्ये चौदा, एप्रिलनंतर एकही नाही. ही नागरिक आणि पोलीस यांच्यातल्या विश्वासाची पावती आहे. कर्नलना काचेच्या चौकटीतलं मानपत्र दिलं. टाळ्या झाल्या. लुंगीसा दाराशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. ताता फेझिलेही वाजवत होते.

मग रेव्हरंड म्हणाले, "आभार आपल्या चिटणीस मानतील."

मी उभी राहिले. कर्नलचे, पाहुण्यांचे, जेवण बनवणाऱ्या भगिनींचे आभार मानले. आवाज स्वच्छ लागला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मीच मानायचे, सवय आहे. इतिवृत्तात लिहिलं: 'तक्रारी: निरंक.'

खुर्च्या उचलत असताना एक बाई आली. वस्तीत नवी असावी, मी कधी पाहिली नव्हती. तिशीची, डोळे सुजलेले. "तक्रार लिहून घेणाऱ्या बाई तुम्हीच ना? माझ्या मुलीला... काल... पोलीस म्हणतात गाडी नाही, उद्या या. उद्या किती वेळा जाऊ?" तिने माझी बाही धरली.

लुंगीसा अजून दारातच होता. आमच्याकडे बघत नव्हता, पण जातही नव्हता.

"मी तक्रारी घेत नाही," मी म्हटलं.

"अहो, पण सगळे म्हणाले की..."

"चुकीचं सांगितलं. मुलीला घेऊन मोठ्या दवाखान्यात जा, शहरातल्या. इथे कुणाशी बोलू नकोस. जा."

तिने बाही सोडली. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग ती मागे सरली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण त्यांच्यातल्याच!"

खुर्च्यांचा आवाज थांबला. मी हो म्हटलं.

ती थुंकली, माझ्या पायांजवळ, आणि निघाली. दारात लुंगीसाने बाजूला होऊन तिला वाट दिली आणि तिच्या मागे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, शाबास म्हणावं तशी.